बिनकातड्याची मोटार

अक्कलकोट,
ता. २८ मे १९३३

ती. कमलाकरदादा यांस,

गंगाधरचा नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकणार असाल, तर आधी एवढं वाचा. अकरा वर्षांनी लिहितो आहे, आणि तेही काम पडलं म्हणून. ते लपवत नाही.

वैशाखात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा जड झाली आहे, पण हुकूम सोडण्यापुरती पुरते. लक्ष्मीनारायणाची पूजा रोज सकाळी नवाच्या आत आपल्याच घरच्या हातानं व्हायला हवी, हे तुम्हाला सांगायला नको. एक दिवस चुकला की पूजेचा हक्क घ्यायला चुलत घरचे लोक तांब्या घेऊन उभेच आहेत. सध्या उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून मी करतो आहे. बारा जूनला सोलापूरची माझी शाळा उघडते. नोकरी सोडली तर अण्णा, दुर्गाआत्या, माझी बायको रुक्मिणी आणि मी, चौघांनी नैवेद्याच्या भातावर राहायचं काय?

म्हणजे रोज पहाटे सोलापूरहून चोवीस मैल यायचं, पूजा करायची आणि अकराच्या घंटेला परत शाळेत हजर व्हायचं. रेल्वेचं स्टेशन गावापासून सात मैल, आणि तिच्या वेळा देवाला सोयीच्या नाहीत. सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय हलत नाही. तेव्हा एखादी जुनी मोटार घ्यावी म्हणतो. स्वस्त हवी आणि वाटेत दगा न देणारी हवी. परतताना सोलापूरच्या कोर्टात जाणारे तिघेजण बसायला तयार आहेत, त्यांच्यावर पेट्रोल निघेल. चालवायला मी शिकतो आहे. तुम्ही हुबळीला मोठ्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करता असं ऐकतो. कोणती घ्यावी, काय बघून घ्यावी, ते कळवा.

आणखी एक अडचण आहे. गाडीत कुठंही कातडं असता कामा नये, अशी अण्णांची अट आहे. आल्यावर विहिरीवर आंघोळ करीन म्हटलं तरी ऐकत नाहीत. "कातड्यावर बसून आलेले हात देवाला लागायचे नाहीत," म्हणतात. आत्या म्हणाली, "आणि देवळातल्या नगाऱ्याला काय केळीचं पान लावलंय की काय रे?" तर तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. गादीचं कातडं काढून टाकता येईल म्हणालो, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोटारीच्या पोटात पण कातडं असतं. माझ्या पूजेच्या परातीत भिजलंय ते."

तुम्ही त्या परातीत क्लचाचं कातडं एरंडेलात भिजत घातलं होतं, त्या दिवशी अण्णांनी तुमच्या नावानं आंघोळ केली. तुमच्या कानावर आलं असेल नसेल, मीही केली होती. सतरा वर्षांचा होतो. हे कारण म्हणून सांगत नाही.

या पत्राची अण्णांना कल्पना नाही.

आपला धाकटा,
गंगाधर


सोलापूर,
ता. ९ जून १९३३

ती. दादा,

तुझं चार पानी पत्र पोचलं. "मला तुम्ही कधीपासून म्हणायला लागलास, तुझ्या कानफटात मारलेल्या हाताला अजून आठवण आहे," हे वाचून रुक्मिणी मोठ्यानं हसली आणि मी उठून मोरीत तोंड धुवायला गेलो. आता तूच म्हणतो.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. गाडी थंड असतानाच बघायला गेलो, मालकाशी न बोलता तिच्या ड्रायव्हरशी बोललो, लाकडी चाकांच्या आऱ्या हातानं हलवून पाहिल्या. सोलापूरच्या उन्हानं त्या सुकून खुळखुळतात, आणि विकणारा आदल्या दिवशी त्यांवर पाणी मारून ठेवतो, हे तू लिहिलं नसतंस तर मी पहिल्याच गाडीला फसलो होतो. ती एका कंत्राटदाराची, सहा सिलिंडरची, धूड. चाकं अजून ओली होती. माझं बोट ओलं झालेलं बघून कंत्राटदार म्हणाला, "धुतली आहे हो, तुमच्यासाठी." नमस्कार करून निघालो.

दुसरी इथल्या एका डॉक्टरांची. दिसायला काही नाही. टपाला ठिगळं, गाद्या फाटलेल्या आणि त्याही कातड्याच्या, पुढचा एक दिवा आंधळा. पण डॉक्टर तिच्यातून नऊ वर्षं खेडोपाडी हिंडलेत. तू म्हणालास तसं चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलायला लावली, निमूटपणे उचलली. ड्रायव्हर म्हणाला की क्लच पोलादी चकत्यांचा आहे, आत कातडं नाही. किंमत मात्र माझ्या आटोक्याबाहेर. रुक्मिणीच्या पाटल्या गेल्या तरी थोडे कमी पडतात.

तिसरी एका मयत व्यापाऱ्याच्या घरची. दोन वर्षं नुसती उभी आहे. काळी कुळकुळीत, गाद्या जाड कापडाच्या, किंमत डॉक्टरांच्या गाडीहून शंभरानं कमी. तिचा ड्रायव्हर मडिवाळप्पा अक्कलकोटकडचा, बोलताना निम्मं कानडी. गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव. म्हणाला, "मास्तर, लई गुणाची हाय की ही. येका हँडलात उठती." आणि उठली, दादा. क्लच मात्र शंकूसारखा आहे आणि त्यावर कातडं बसवलेलं आहे.

तू लिहिलंस, कातड्याचा क्लच वाईट नसतो, वेळच्या वेळी एरंडेल दिलं तर लांबच्या वाटेलाही चालतो. पण अण्णांची अट असेल तर तसली गाडी घेऊच नकोस, कमी पडतील ते मी पाठवतो, असंही लिहिलंस. पैसे पाठवू नकोस. तुझ्या पैशाचं अण्णांना कळलं तर गाडी दाराशी उभी राहायची नाही. काय ते मी बघतो.

पत्राच्या अगदी तळाशी, सहीच्या खाली, बारीक अक्षरात तू विचारलं आहेस की अण्णा कधी तुझं नाव काढतात का. नाही, दादा. खोटं कशाला सांगू?

गंगाधर


सोलापूर,
ता. १८ जून १९३३

ती. दादा,

डॉक्टरांचीच घेतली. तू सांगितलंस तीच. गाद्यांचं कातडं काढून जाड कापड चढवलं. घासाघीस केली, डॉक्टरांनी किंमत उतरवली. तेव्हा तू आता काळजी करू नकोस आणि पैशांचंही मनात आणू नकोस.

पहिल्या दिवशी देवळासमोर गाडी उभी केली. अण्णा ओट्यावर खुर्चीत बसलेले. गाडीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं. "कातडं?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. मग डाव्या हातानं आत जा म्हणून खूण केली.

आत्यानं चाकाखाली लिंबं ठेवली होती. एक लिंबू फुटलं नाही, घरंगळून गटारात गेलं. ती म्हणाली, असू दे, घाईत होतं.

गंगाधर


सोलापूर,
ता. ६ ऑगस्ट १९३३

ती. दादा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे कळेल. साडेचारला उठणं, रुक्मिणी हातात चहाचा पेला देते तो उभ्यानंच पिणं, हँडल मारणं. कुंभारी येईतो दिसायला लागतं. वळसंगपाशी धनगरांचे कळप रस्त्यावर असतात. भोंगा वाजवला तरी मेंढरं हलत नाहीत, मग उतरून हातानं बाजूला करायची. सातपर्यंत पोचतो. विहिरीवर आंघोळ, पूजा, आरती, अण्णांना पेज भरवणं, आणि नऊला परत. तिघे कोर्टवाले वाटेत पानाच्या पिचकाऱ्या टाकतात आणि गाडीला नावं ठेवतात. दुपारी तिसरीच्या वर्गात मुलं व्याकरण म्हणत असताना एकदा मला डुलकी लागली. मुलं गुपचूप बसून राहिली, बिचारी.

पण गाडीनं अजून एकही दिवस चुकवलेला नाही. अण्णांना ती वेशीपासूनच ऐकू येते. आत्या सांगते, आवाज आला की ते पांघरूण नीट करून बसतात. रोज मी उतरलो की विचारतात, "कातडं नाही ना?" परवलीचा शब्द झाला आहे तो. मी नाही म्हणतो आणि आत जातो. ते बरे होताहेत, दादा. वैद्य म्हणतात, पूजा चुकत नाही म्हणूनच बरे होताहेत. देवळातली घंटा ऐकली की त्यांचा डावा हात मांडीवर ठेका धरतो.

माझ्या एका ओळखीच्या मास्तरांनी कातड्याच्या क्लचाची गाडी घेतली आहे. ती उचलताना धक्का देते. एरंडेल किती द्यावं, किती दिवसांनी द्यावं, तेवढं सविस्तर लिही. त्यांना कोणी सांगणारं नाही.

तू पुन्हा विचारलंस. नाही, काही बोलले नाहीत.

गंगाधर


सोलापूर,
ता. १ ऑक्टोबर १९३३

ती. दादा,

दसरा चांगला झाला. गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. अण्णांना आम्ही दोघातिघांनी उचलून पहिल्यांदाच तिच्यात बसवलं. मडिवाळप्पा सोनं द्यायला आला होता. जूनच्या पत्रात लिहिलं होतं तोच, तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. अक्कलकोटचाच असल्यामुळे येतो अधूनमधून.

अण्णा बराच वेळ गाडीत बसून होते. तब्येत ठीक आहे. विशेष काही बोलणं झालं नाही.

कुंभारीच्या मायाक्का धनगरणीकडून लोकरीचं जाड कापड घेतलं आहे, घोंगडीचंच, पण दुहेरी कुटलेलं. लोकर सोवळ्यात चालते, त्यामुळे अण्णांच्या बाजूनं कसलाच प्रश्न नाही. थंडी येते आहे, गाडीत उपयोगी पडेल.

ओळखीच्या मास्तरांसाठी तू सांगितलेलं एरंडेलाचं प्रमाण अगदी बरोबर निघालं. आता मात्र त्यांना त्याची गरज राहिलेली नाही.

तू यायचं म्हणतोस. दिवाळीत दोन दिवस, लांबून, देवळाबाहेरूनच बघून जाईन म्हणतोस. आत्ताच नको. अण्णांच्या मनाला धक्का बसेल असं काही करू नये, असं वैद्यांचं म्हणणं आहे. मी कळवीन.

गंगाधर


अक्कलकोट,
ता. १८ नोव्हेंबर १९३३

ती. दादा,

मंगळवारी गाडी वाटेत बंद पडली आणि पोचायला उशीर झाला. पूजा चुकली नाही. अण्णांना थोडा ताप आहे, कार्तिकातली थंडी बाधली असावी. रजा घेऊन मी इथंच आहे. घाबरण्यासारखं काही नाही. धावत येऊ नकोस.

गंगाधर


सोलापूर,
ता. १९ डिसेंबर १९३३

दादा,

तार मिळाल्यावर तू आलास, तेव्हा अण्णांना जाऊन दोन दिवस झाले होते. तेराव्यापर्यंत राहिलास. आत्या म्हणाली, थोरल्याच्या हातूनच व्हायचं, आणि कोणी तोंड उघडलं नाही. तू माझ्याशेजारी बसून पिंड केलेस, माझ्या ताटात भात वाढलास, निघताना मला जवळ घेतलंस. स्टेशनवर विचारलंस, "शेवटी तरी काही म्हणाले का रे?" मी म्हणालो, "वाचा गेली होती."

वाचा गेली नव्हती.

तू गेल्यापासून हे पत्र रोज लिहायला घेतो आणि फाडतो. आज रुक्मिणी समोर बसली आहे. तिला सगळं सांगितलं. "पत्र टपालात पडल्याशिवाय मी उठणार नाही," म्हणते. तेव्हा क्रमानं लिहितो.

गाडी डॉक्टरांची घेतली नव्हती. मडिवाळप्पाची घेतली, कातड्याच्या क्लचाची, स्वस्त पडली म्हणून. ओळखीचा मास्तर वगैरे कोणी नव्हता. अण्णा रोज विचारत आणि मी रोज देवाच्या दारात उभा राहून खोटं सांगत होतो. दर आठवड्याला क्लचाला एरंडेल द्यायचो आणि हात दोनदा घासून धुवायचो. तू गाडी कुठं आहे म्हणून विचारलंस, तेव्हा विकली म्हणालो, तेही खोटं. ती कुंभारीला मायाक्काच्या वाड्याशेजारी उभी आहे. तू तिला एकदा बघितली असतीस तर सगळं कळलं असतं, म्हणून तुला त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

दसऱ्याला अण्णा गाडीत बसले होते. डावा हात दारावर ठेवून इकडेतिकडे बघत होते, लहान मूल बघतं तसं. मडिवाळप्पानं त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि कौतुकानं सांगायला लागला, "अण्णा, ह्या कलचाचं कातडं म्या सोताच्या हातानं बसिवलंय बगा. तेल पाजीत ऱ्हावा, धा वर्सं बगायला नगं." त्याला काय ठाऊक? रामराम करून तो गेला. आत्या आत होती. गाडीत अण्णा आणि बाहेर मी, दोघंच.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. बराच वेळ हातातली पानं चोळत बसले. मग म्हणाले, "तू पण भिजत घातलंस की काय रे परातीत?" मी नाही म्हणालो. आणि मग म्हणाले, जीभ जड होती पण शब्द न् शब्द कळला, "साडेतीन महिने देवानं तुझ्या हातची आंघोळ घेतली. काही झालं नाही. मी बरा झालो. मग कमळाकराचं काय चुकलं होतं?"



"त्याला लिही," म्हणाले. "म्हणावं, म्हातारा बोलावतो. ये आणि ही गाडी बघ. कातडं ठेवायचं का काढायचं, ते तूच सांग."

दादा, हे दसऱ्याच्या दिवशी झालं. तिसऱ्या दिवशी मी तुला पत्र लिहिलं, आणि त्यात लिहिलं की विशेष काही बोलणं झालं नाही.

का, म्हणून विचारशील. पहिलं कारण लाज. तू येणार, गाडी बघणार, मी तुला डॉक्टरांची म्हणून काय काय लिहीत होतो ते उघडं पडणार. पण एवढंच असतं तर कधीतरी लिहिलंही असतं. खरं कारण सांगतो. मला तुझा मत्सर वाटला. अकरा वर्षं मी त्यांच्या आज्ञेत राहिलो, त्यांच्या मर्जीनं लग्न केलं, पहाटे उठून रोज अठ्ठेचाळीस मैल तुडवले, आणि माझं एक खोटं उघडं पडल्याबरोबर त्यांच्या तोंडातून नाव निघालं ते तुझं. माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मी ठरवलं की कातडं काढायचं. अण्णांनी काढ म्हटलं नव्हतं. मला पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहून "नाही" म्हणायचं होतं, आणि ते खरं असायला हवं होतं. लोकर सोवळी, म्हणून लोकर. मायाक्काला कापड कशाला हवं ते सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मास्तर, मेंढराची लोकर थंडीला हाय. ह्यी चाकात घासून घासून जळंल की. आमच्या ज्ञानबाला बी कळतंय ह्ये." ज्ञानबा म्हणजे तिचा नवरा. सोलापूरच्या मिस्त्रीनंही सांगितलं की टिकणार नाही. तू तर जूनमध्येच लिहिलं होतंस की कातड्याच्या जागी दुसरं काही कोंबू नये. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तांब्याच्या खिळ्यांनी लोकर बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं, "आता गाडीत तसूभर कातडं नाही." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पत्राचं उत्तर आलं का?"

त्या दिवसापासून रोजचा प्रश्न बदलला. कातड्याचं विचारणं संपलं. मी गाडीतून उतरलो की ते माझ्या तोंडाकडे बघायचे. आत्यापुढे विचारायचे नाहीत, तिच्यासमोर त्यांना संकोच वाटे, मी एकटा असलो की "उत्तर?" एवढंच. पंधरा दिवस मी "नाही आलं" म्हणून सांगितलं. मग दिवाळी जवळ आली आणि तू स्वतःहूनच येतो म्हणून लिहिलेलं माझ्या खिशात होतं. तुला नको म्हणून कळवून मोकळा झालो होतो. अण्णांना म्हणालो, "आलं उत्तर. रजा मिळत नाही म्हणतो."

"दिवाळीतसुद्धा?"

"हो."

दिवाळीच्या सुट्टीभर मी तिथंच होतो. पाडव्याला ओट्यावरून रस्त्याकडे बघत होते, तेवढं आठवतं.

लोकर दीड महिना चालली कशी याचंच नवल. चौदा नोव्हेंबरला कुंभारी ओलांडली आणि चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढं जाईना. केस जळल्याचा वास. पायाखालची फळी उघडून बघितलं तर आत काळा भुगा. सूर्य वर आला होता. मागं फिरून ज्ञानबाला उठवलं, त्यानं बैलगाडी जुंपली. बैल बैलाच्याच चालीनं चालणार. वळसंगपर्यंत तसा गेलो, तिथून सर्व्हिस मोटारीची वाट पाहिली, ती भरेना, मग चालायला लागलो. अक्कलकोटची वेस दिसली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

काय झालं ते आत्यानं सांगितलं. सातपासून अण्णांचा कान वेशीकडे. आठ वाजले. पावणेनऊला चुलत घरचा तांब्या देवळाच्या पायरीशी आला. तेव्हा अण्णा म्हणाले, मला आत न्या. आत्यानं आणि गुरवानं धरून नेलं. अण्णांनी आंघोळीचं थंड पाणी अंगावर घेतलं, ओलेत्यानंच गाभाऱ्यात बसले, आणि डाव्या हातानं पूजा केली. डाव्या हातानं, दादा. आपल्याला लहानपणी डाव्या हातानं पाण्याचा पेला उचलला तरी बोटांवर फटका मिळायचा. देवाला आंघोळ, गंध, फूल, आरती, सगळं डाव्या हातानं. चुलत घरचे लोक दारातून बघत होते, कोणाची पुढं यायची छाती झाली नाही. मी पोचलो तेव्हा ते तसेच ओल्या पंच्यात बसलेले होते आणि दात वाजत होते. मला बघून म्हणाले, "चुकली नाही." मग म्हणाले, "कमळ्याची गाडी अशी वाटेत मेली नसती."

त्याच संध्याकाळी ताप भरला. आठ दिवस. त्याच दिवशी तार केली असती तर तू वेळेत पोचला असतास. हुबळीहून यायला एक दिवस लागतो. मी "धावत येऊ नकोस" असं पत्र लिहिलं. तू आला असतास आणि अण्णांनी तुला पहिलंच विचारलं असतं, "रजा मिळाली का?"

जायच्या आदल्या दिवशी दुपारी शुद्धीवर होते. आत्या पेज करायला गेली होती. मला म्हणाले, "येत नाही ना तो?" मी खाली बघत राहिलो. त्या वेळीसुद्धा मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. ते म्हणाले, "रजेचं निमित्त आहे रे. अकरा वर्षांचा राग आहे तो. असू दे. बरोबर आहे त्याचं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

गाडी बंद, म्हणून पूजा आता चुलत घराकडे आहे. मला त्याचं काही वाटत नाही. तू माझ्या नावानं आंघोळ केलीस तरी मी काही म्हणणार नाही. पण एक गोष्ट तुला माहीत असायला हवी, नाहीतर तू जन्मभर उलटंच समजून राहशील. अण्णा तुझ्यावर रागावून गेले नाहीत, दादा. तू त्यांच्यावर रागावलेला आहेस, असं समजून गेले. ते मी समजू दिलं.

गंगाधर